चावंडवरचा रविवार

जुन्नरला येणारे बहुतेक शिवनेरी बघतात, फारच उत्साही असले तर नाणेघाट गाठतात. चावंड त्याच वाटेवर लागतो आणि मागे पडतो. मीही त्याला तीनदा मागे टाकलं होतं. या डिसेंबरात थांबलो, कारण सोबत आठ वर्षांची लेक होती आणि नाणेघाट करून वेळेत परतणं जमलं नसतं. महिन्यातले दोन शनिवार-रविवार ती माझ्याकडे असते. रविवारी संध्याकाळी सातला तिला आईकडे पोचवायचं, असं ठरलेलं आहे.

चढण अंगावर येते. 1818मध्ये इंग्रजांनी इथल्या पायऱ्या तोफा लावून उडवल्या. उरल्यात त्या अरुंद, झिजलेल्या. आता लोखंडी कठड्यामुळे निभावतं. एका जागी आधाराला चक्क जुन्या तोफेचं नळकांडं रोवलंय. तिथे मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "बाबा, दुखतंय!"

वर चामुंडेचं देऊळ आहे. चावंड हे नाव तिच्यावरूनच आलं म्हणतात. तिथून पुढे कातळात खोदलेली सात टाकी, सप्तमातृकांची. लेकीने दोनदा मोजली. "म्हणजे सात आयांची टाकी?" मी हो म्हटलं.

तिथेच बसून चपात्या खाल्ल्या आणि मी तिला बहादुरची गोष्ट सांगितली. 1595मध्ये इब्राहिम निजामशहा लढाईत पडला. त्याचा मुलगा बहादुर तेव्हा अगदी तान्हा. दरबारातल्या एका गटाला दुसराच कुणी गादीवर हवा होता, म्हणून या पोराला चावंडवर आणून कोंडलं. नगरच्या किल्ल्यात चांदबिबी मोगलांशी लढत होती, ती याच्याच नावाने. मोगल वेढा उठवून गेल्यावर त्याला नगरला नेऊन गादीवर बसवलं.

"मग झालं ना चांगलं?"

चार वर्षांनी, 1600मध्ये, नगर पडलं. मोगलांनी त्याला ग्वाल्हेरला नेऊन किल्ल्यात ठेवलं.

"परत किल्ल्यावरच? त्याला विचारलं नाही कुणी, कुठे राहायचंय म्हणून?"

मी डबा बंद केला. आम्हीही विचारलं नव्हतं. वकिलांसमोर शनिवार-रविवार वाटताना ती बाहेरच्या बाकड्यावर चित्र रंगवत बसली होती. ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे. त्यात घराला दोन दारं आहेत.

"नाही विचारलं," मी म्हटलं. ती खडे गोळा करायला गेली.

उतरताना मात्र तिने तोफेपाशी स्वतःच हात पुढे केला. या वेळी मी तो नुसताच धरला.

आळेफाट्यानंतर ती झोपली. पोचायला सात वाजून दहा मिनिटं झाली. दार उघडताच तिने आईला सात टाक्यांपासून सगळं सांगायला सुरुवात केली. राजाचं नाव काढलं नाही. तिची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली होती. ती दिली आणि जिना उतरलो.