बिल कुणाच्या नावावर

आमच्या कोल्हापूर भागात डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. पंचगंगेकाठचं ऊसवालं गाव असो नाहीतर भुदरगड-शाहूवाडीकडची डोंगरातली वाडी, बाईच्या उधारीचा वायदा या बिलावरच होतो. किराणा दुकानदार असो, भिशीवाली असो, ‘बिलाला देते’ म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही. उसाचे पैसे यायचे तेव्हा येतात, एकरकमी येतात आणि आले की सोसायटीच्या कर्जात वळते होतात. रोजचं मीठ-मिरची, पोरांची वह्या-पुस्तकं, दवाखाना हे सगळं दुधावर भागतं.

मी दूध संघाच्या विस्तार विभागात महिला पर्यवेक्षिका म्हणून बरीच वर्षं काम केलं. गावोगावच्या दूध संस्थांत जायचं, बायकांच्या बैठका घ्यायच्या, जनावरांचा आहार, स्वच्छ दूध, माज ओळखणं हे शिकवायचं, असं ते काम. बैठकीची वेळ ठरवणं हेच पहिलं दिव्य. सकाळी धार, डेअरी, शेणघाण. मग वैरणीला रानात. दुपारी जरा पाठ टेकायची. चार वाजले की पुन्हा धारेची तयारी. त्यामुळे बैठक दीड ते तीन. त्या वेळात बायका डुलक्या घेत ऐकायच्या आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

संस्थेत गेल्यावर मी आधी सभासद यादी मागून घ्यायचे. यादी वाचली की वाटावं, या गावात म्हशी पुरुषच पाळतात, धाराही तेच काढतात! डेअरीच्या दारात मात्र किटल्या घेऊन रांगेत उभ्या बायका आणि पोरी. सभासद नवरा, क्वचित सासरा. तो वारला असला तरी नाव त्याचंच. कामात बाई आणि कागदावर बाप्या ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली, की विचारलं तर बायकाच हसायच्या.

उत्पन्न वाढवायचं तर जास्त दुधाची म्हैस घ्या, असं सगळे सांगतात. पण दोन-तीन जनावरांच्या घरात नवी म्हैस म्हणजे नवं कर्ज. आहे त्याच गोठ्यातनं चार पैसे जास्त कसे निघतील, हे आधी बघावं लागतं, आणि ते निघतात. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात. पुष्कळ बायका शेवटचं दूध रेडकासाठी कासेत राखायच्या. माया म्हणून ठीक, पण सुरुवातीच्या धारेत फॅट कमी असते आणि शेवटच्या धारेत कितीतरी जास्त. म्हणजे पातळ दूध डेअरीला आणि लोणी रेडकाला. रेडकाला त्याचा वाटा आधी द्या, मग कास पूर्ण मोकळी करा, एवढंच सांगितलं. पुढच्या बिलाला फरक दिसला, आणि त्यानंतर दुपारच्या बैठकीत डुलक्या कमी झाल्या.

दुसरी गोष्ट वाड्याची. ऊसतोडीच्या दिवसांत वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, भरपूर मिळतं, म्हणून जनावरांपुढं नुसतं वाडंच पडतं. वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, जनावराच्या अंगी लागू देत नाही. मग म्हैस वेळेवर माजावर येत नाही, आली तर उलटते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि वाड्याबरोबर थोडी दुसरी वैरण, हा त्याचा साधा उपाय. पण खनिज मिश्रणाची पिशवी विकत घ्यायची तर पैसे मागायचे कुणाकडं? इथं आमचं पशुखाद्याचं ज्ञान अडून बसायचं.

माजाचं तर त्याहून अवघड. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, रात्री-पहाटे दिसतो आणि गोठ्यात उठबस असलेल्या बाईलाच तो कळतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा नियम. ती वेळ चुकली की पुढची पाळी २१ दिवसांनी. तोवर म्हैस खाणार तेवढंच, गाभण राहणं मात्र लांबलं. एका वाडीत म्हशी वारंवार रिकाम्या राहतात म्हणून आम्ही वैरण तपासली, जंताचं औषध झालं, काही हाती लागेना. शेवटी एक मावशी म्हणाल्या, “म्याडम, मला पहाटंच कळतंय. पर डागदरला फोन कोण लावणार? फोन ह्यांच्या खिशात, आन् हे रानात.”

मग रेतन करणाऱ्या कर्मचाऱ्याचा नंबर खडूनं प्रत्येक गोठ्याच्या चौकटीवर लिहिला. बाईनं कुणाच्याही फोनवरून बोलावलं तरी जायचं, ‘मालकाला द्या’ म्हणायचं नाही, अशी त्याला ताकीद दिली. त्याला ते जड गेलं, कारण रेतनाचे पैसे बाईकडं सुटे असतील का ही त्याची शंका. ती खरीच होती.

तेव्हा बायकांच्या हातात पैसा अजिबात नसायचा असंही नाही. बिल रोख मिळायचं त्या काळात सचिव टेबलावर नोटा मोजायचा आणि दूध घालणारीच्या हातात ठेवायचा. नाव नवऱ्याचं, सही किंवा अंगठा हिचा. घरी जाईपर्यंत तिनं त्यातनं दुकानदाराची उधारी भागवलेली असायची, शंभर-दोनशे कनवटीलाही लागलेले असायचे. याचा हिशेब कुठल्या अहवालात नव्हता, पण घरं त्यावर चालत होती. २०१६ च्या नोटाबंदीनंतर बिलं बँकेत जमा करायचा रेटा वाढला. पारदर्शकता, बचतीची सवय असं पुष्कळ त्या वेळी बोललं गेलं. झालं एवढंच, की सभासद ज्याच्या नावाचा, खातं त्याचं, आणि एटीएमचं कार्डही त्याच्याच पाकिटात. वर्षानुवर्षं बाईच्या हातून जाणारा पैसा मधल्या मधे तिला चुकवून जाऊ लागला. माझ्या मते बाईच्या नावाचा प्रश्न खऱ्या अर्थानं तेव्हा पेटला. पूर्वी ज्या बायका नाव बदलायच्या गोष्टीवर हसायच्या, त्याच आता कागद घेऊन यायला लागल्या.

“नाव बदला” म्हणणं सोपं. पण आमच्या जिल्ह्यात दूध संस्थेचं सभासदत्व म्हणजे मत, आणि संस्था ज्याच्या नावाचा ठराव करते तो संघाच्या निवडणुकीतला मतदार. ठरावासाठी इथं भावाभावांत बोलणं बंद होतं. एकवेळ म्हैस बायकोच्या नावावर करतील, मत करणार नाहीत. काही गावांत आम्ही त्यातनं वाट काढली. जुनं सभासदत्व तसंच ठेवायचं आणि बाईला वेगळं सभासद करून तिचा वेगळा कोड काढायचा. गायीचं दूध त्याच्या कोडवर, म्हशीचं हिच्या. घरात दोन कार्डं, दोन बिलं. संचालक मंडळं कुरकुरली, पण मतं वाढतात म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. राजकारणाचा असाही उपयोग होतो.

निव्वळ महिलांच्या संस्था आमच्याकडं खूप निघाल्या. त्यातल्या कितीतरींचा कारभार अध्यक्षांचे यजमान बघतात. अध्यक्षा घरी भाकरी थापतात, प्रोसिडिंगवर सही करायला वही घरी जाते. पण एका गावात बारावी झालेली एक पोरगी टेस्टर म्हणून लागली. गर्बर पद्धतीनं फॅट काढायची म्हणजे १० मिली गंधकाम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल आणि मग यंत्रात फिरवणं. ॲसिड अंगावर उडेल म्हणून तिची आई पहिले काही दिवस शेजारी उभी राहायची. पुढं फॅट मोजायचं मशीन आलं तेव्हा या पोरीनं त्याचा आकड्यांचा पडदा लोकांकडं तोंड करून ठेवला. फॅट किती लागली ते दूध घालणारीला जागेवर दिसू लागलं. ‘फॅट कमी लावतात’ ही आमच्या गावांतली कायमची तक्रार, तिचं निम्मं भांडण तिथंच मिटलं. त्या संस्थेत वार्षिक सभेला बायका ताळेबंद उलटा-सुलटा करून विचारायच्या, दिवाळीच्या दूध फरकातनं इमारत निधीला किती वळवलं म्हणून. अध्यक्षांच्या यजमानांना त्या सभेत मागच्या बाकावर बसावं लागलं.

एक गोष्ट मला अजूनही खुपते. जनावरं दोन-तीन असतात तोवर दूध बाईचं. गोठा आठ-दहा जनावरांचा झाला, कुट्टी मशीन आली, धारेचं यंत्र आलं, बँकेचं कर्ज आलं, की तो ‘धंदा’ होतो आणि धंदा पुरुषाचा. कर्जाला बँक सातबारा मागते. सातबाऱ्यावर बाई नाही. शेण मात्र आठ जनावरांचं आणि ते काढायला तीच. उत्पन्न दुप्पट झालं असं आम्ही अहवालात लिहायचो, आणि ते खोटं नसायचं, पण ते बाईच्या हातात येत नव्हतं. म्हणून मी पुढं पुढं मोठ्या गोठ्यांचं कौतुक करायची घाई सोडली. त्याऐवजी बिलातनं हप्ता कापून संस्थेनंच बाईला एका म्हशीचं कर्ज द्यावं, याचा पाठपुरावा केला. तशी प्रकरणं थोडी झाली, पण त्यातल्या थकबाकीची मला फारशी काळजी करावी लागली नाही. हप्ता बिलातनं आधीच कापला जायचा आणि म्हैस आटायच्या आत फेडून टाकायची घाई बाईलाच असायची.

२०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं. ते थेट बँक खात्यात, आणि नोंद गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याशी जोडलेली. बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर तोवर कुणी नीट बघितलाही नव्हता. आता त्यापुढं मालक म्हणून कुणाचं नाव आहे याला किंमत आली. ओळखीच्या एका घरी नोंदी दुरुस्त करायला डॉक्टर आले तेव्हा मी तिथंच होते. घरातल्या मालकानं विडी विझवत सांगितलं, “लावा बायकांच्या नावावर, माझं काय जातंय.” डॉक्टरांनी विचारलं, कुणाच्या? सासू म्हणाली, गाय मी माहेरनं आणलेल्या कालवडीच्या वंशातली. सून म्हणाली, धार मी काढते, फोनही मीच लावते. दोघी एकमेकींना अडवून बोलायला लागल्या. डॉक्टरांनी पेन बंद केलं आणि आधी तुमचं ठरवा म्हणून शेजारच्या गोठ्यात गेले. आठवड्यानं कळलं, थोरल्या गायीवर सासूचं नाव लागलं आणि पहिलारू कालवडीवर सुनेचं. सुनेनं दुसऱ्याच दिवशी डेअरीत जाऊन सचिवाकडं नव्या कोडचा अर्ज मागितला.