रोही, मुक्काम पोस्ट टेक्सास

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला संगणकातलं सगळं कळतं, असा आमच्या बोरगाव मेघेत एक गोड समज आहे. वास्तविक मला संगणकाचे तीनच पडदे ओळखीचे. एक पैसे भरण्याचा, दुसरा काढण्याचा आणि तिसरा ‘लिंक नाही’ असं सांगण्याचा. त्यातल्या तिसऱ्यावर माझं विशेष प्रभुत्व आहे.

पण चिरंजीवांच्या शाळेतल्या बाईंनी मला गाठलंच. पाचवीच्या मुलांना प्राण्यांची माहिती शोधायला शिकवायचं. संगणकावर आणि पुस्तकांतही. चार शनिवार. मी म्हटलं, “बाई, मी बी.कॉम. माणूस. प्राण्यांशी माझा संबंध म्हणजे दुधाळ जनावरांचे कर्जाचे अर्ज.”

“मग काय, अनुभव आहेच की तुम्हाला!” बाई म्हणाल्या.

आता शाळेतला ‘प्रकल्प’ ही काय चीज आहे, ते ज्यांच्या घरी शाळकरी पोर आहे त्यांना सांगायला नको. दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, चिकटवायचा. माहिती मोबाइलवरून उतरवायची. अक्षर आईचं, डिंक बाबांचा आणि गुण मुलाचे. पहिल्या शनिवारी मी विचारलं, कोणता प्राणी घेणार? अडतीसपैकी एकतीस हात वाघासाठी वर. बोरचा व्याघ्र प्रकल्प आमच्याच जिल्ह्यातला, २०१४ सालापासूनचा, देशातल्या लहानांत लहान गणला जाणारा. तेवढ्याशा जंगलावर एकतीस वाघ सोडणं मला बरं वाटेना. मी जाहीर केलं, वाघ बंद. रोज दिसतो तो प्राणी घ्या.

“रोही!” मागून कोणीतरी ओरडलं.

शाळेत संगणक सहा, पैकी चालणारे दोन. एकावर ‘रोही’ असं लिहायला घेतलं, तर यंत्राने शब्द पुरा होण्याआधीच रोहित शर्माला पुढे केलं. वर्ग खूष. प्रकल्प तिथेच क्रिकेटकडे जायचा, पण मी आवरला. मग एका मुलीने सांगितलं, “काकाजी, पुस्तकात त्याले नीलगाय म्हनते.” पहिला धडा तिनेच दिला: ज्या नावाने आजी हाक मारते, त्या नावाने यंत्र ओ देईलच असं नाही.

नीलगाय म्हटल्यावर मात्र माहितीचा पूर आला. अर्ध्या तासात एका गटाने वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं, ‘नीलगाय हा प्राणी अमेरिकेत टेक्सास येथे आढळतो.’ खोटं नव्हे हो! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडच्या किंग रँचवर नीलगाई नेऊन सोडल्या, आणि आता दक्षिण टेक्सासात त्या हजारोंनी मोकळ्या फिरतात. पण आमच्या शाळेच्या पाठीमागच्या तुरीत उभा असलेला रोही सोडून पोरांनी अमेरिकेचा पत्ता लिहावा, म्हणजे आपली सगळी हुशार मुलं तिकडे जातात तशातलाच प्रकार झाला.

मग पुस्तकं. कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई सुट्टीवर. हा सोपस्कार पुढल्या शनिवारी पार पडला आणि विश्वकोशाचे काही खंड बाहेर निघाले. पहिला खंड १९७६ सालचा. आता हा कोश संगणकावरही फुकट वाचता येतो, पण धूळ मात्र कपाटातल्यालाच असते. रोही म्हणजे गाय नव्हे, कुरंग. चार शिंगांचा चौसिंगा त्याचा जवळचा भाऊबंद. नर निळसर करडा, म्हणून ‘नील’. मादी भुरकट पिवळी, तिचा नावाशी काही संबंध नाही. शास्त्रीय नाव बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस. ग्रीक-लॅटिनची फोड केली तर बैल, हरीण, बोकड आणि उंट! १७६६ साली पल्लास नावाच्या पंडिताने यातले शेवटचे दोन दिले. पहिले दोन नंतर दुसऱ्याने जोडले. एका जनावराच्या नावे चार जनावरं. आमच्या बँकेत असं संयुक्त खातं उघडायला दहा सह्या लागल्या असत्या.

दोन शब्दांचं नाव कशाला, हे मुलांना कळेना. म्हटलं, सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे. मेघे ही प्रजाती, अन् बोरगाव ही तिच्यातली जाती. फक्त शास्त्रज्ञ आडनाव आधी लिहितात. एवढं प्राणिशास्त्र मला कोणत्याही कॉलेजात समजलं नसतं.

बाकी मी शिकवली ती बँकच. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. संगणकावर जे मिळेल ते पुस्तकाशी ताडायचं, पुस्तकातलं संगणकाशी. प्रत्येक ओळीसमोर व्हाउचर हवं, म्हणजे ‘कुठून घेतलं’ हा रकाना. दोन्हीकडे जुळलं तर पक्की शाई, नाहीतर पेन्सिल.

तिसऱ्या शनिवारी ‘रोही दिवसा हिंडतो’ हे वाक्य दोन्हीकडे जुळलं. पक्की शाई निघाली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, रोही म्हणून ओरडलेला तो मुलगा उठला.

“काकाजी, दिवसा येत असता तं माहे बाबा रातच्या जागलीले कायले गेले असते?”

वर्ग चूप. त्याच्याकडे माहिती भरपूर होती. वावराभोवती आईच्या जुन्या साड्या बांधल्या, तर रोही आठ दिवस बिचकतो, नवव्या दिवशी साडीखालून येतो. लेंड्या रोज एकाच जागी टाकतो, म्हणून वाट सापडते. (हे मात्र पुस्तकातही निघालं.) दिवसा माणसं वावरात असतात, म्हणून तूर रात्री खातो.

बाई म्हणाल्या, “पण या माहितीचं पुस्तक कोणतं? रकाना रिकामा राहील.”

मी मारुती चितमपल्लींचं सांगितलं. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी जंगलातल्या माणसांना विचारून विचारून पाखरांची, जनावरांची नावं आणि खोडी टिपल्या, त्यातून कोश झाले. २०२५ साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

“विचारून लिहिलेलं चालते?” पोराने विचारलं.

“चालते.”

त्याने पेन्सिलीने लिहिलं: ‘कुठून घेतलं – बाबा. जागल. रात्री तीन.’ बाईंनी खाली सही आणायला सांगितली. ती आली, आणि तपासण्याची गरजच नव्हती; हीच सही पीककर्जाच्या कागदावर मी दर वर्षी ताडतो.

पुढच्या सोमवारी ते गृहस्थ काउंटरवर आले.

“साहेब, पोरगं म्हनते का रोही वहीत आला. त्याची भरपाई खात्यात आली का?”

अर्ज वनखात्याकडे, पैसे सरकारचे, आम्ही फक्त पासबुक छापतो. छापलं. भरपाई नव्हती. व्याजाचे अकरा रुपये जमा झाले होते.

त्यांनी ती ओळ बोट लावून वाचली.

“इतके तं ठेवले बाप्पा त्यानं,” ते म्हणाले आणि पासबुक खिशात घातलं.