फाईल अम्मीची, सहीही अम्मीचीच

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दवाखान्याची एक पिशवी असते. कपाटाच्या वरच्या खणात किंवा पलंगाखालच्या पेटीत ठेवलेली. तिच्यात एक्स-रे असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, औषधांची बिलं असतात आणि घड्या घालून घालून फाटायला आलेलं डिस्चार्ज कार्ड असतं. त्या पिशवीकडे बघून वाटतं, सगळे कागद आपल्याकडे आहेत. खरी फाईल मात्र दवाखान्यातच राहिलेली असते.

पेशंट दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत जे जे लिहिलं जातं, ते त्या फाईलमध्ये असतं. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, ऑपरेशनचं टिपण, भूल कोणती दिली, कोणतं औषध किती वाजता किती दिलं, रात्री सिस्टरनी काय पाहिलं, संमतीपत्रावर कोणी सही केली, हे सगळं. डिस्चार्ज कार्ड म्हणजे या सगळ्याचा पान-दोन पानांचा सारांश. घरी हिंडायला-फिरायला लागलेल्या माणसाला तेवढा पुरतो. आजार उलटला, की पुरत नाही.

माझ्या अम्मीचा आजार दोन वर्षांनी उलटला. पहिल्या वेळी छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि नंतर केमो. घरातल्या मोठ्यांनी तेव्हा ठरवलं होतं, की अम्मीला फक्त ‘गाठ’ म्हणायचं, पुढचं नाव घ्यायचं नाही. आता आम्ही दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पिशवीतले सगळे कागद शांतपणे पाहिले आणि विचारलं, “केमोतलं ते लाल औषध एकूण किती दिलं? मिलिग्रॅममध्ये सांगा. तेव्हा हृदयाची इको काढली होती का?”

आमच्या कार्डावर एवढंच होतं : केमोथेरपी पूर्ण, प्रकृती स्थिर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्या लाल औषधाचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून एका माणसाला आयुष्यभरात ते ठरावीक मर्यादेपर्यंतच देता येतं. आधी किती गेलं हे कळल्याशिवाय पुढचं ठरवणं म्हणजे अंधारात हात घालणं. “जुन्या दवाखान्यातून पूर्ण केस पेपरच्या प्रती आणा. गाठीच्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉकही मागा,” ते म्हणाले. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याची तपासणी पुन्हा करता येते, हेही आम्हाला त्या दिवशी कळलं.

जुन्या दवाखान्यात भाईजान गेले. रेकॉर्ड विभागातल्या क्लार्कने आधी विचारलं, “कशाला पाहिजेत? केस करायची आहे का?” मग सांगितलं, साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “असे कागद आम्ही देत नाही, डिस्चार्ज कार्ड दिलंय ना?” तिसऱ्या दिवशी भाईजानच म्हणाले, “जाऊ दे. ज्यांनी अम्मीवर उपचार केले, त्यांच्याशी वैर कशाला?”

आपल्या घरांत हे वाक्य फार ऐकू येतं. कागद मागितला म्हणजे संशय घेतला, असं आपल्यालाही वाटतं आणि समोरच्यालाही. खरं तर बँकेतून पासबुक भरून घेताना किंवा तलाठ्याकडून सातबारा काढताना आपण कोणावर संशय घेत नसतो. आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्याला पाहायला मिळावं, एवढंच ते असतं. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचे यजमान वकिली करतात. त्यांनी मला सांगितलं, “तोंडी मागू नका, भांडूही नका. साधा अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बाकीचं काम तो अर्ज करेल.”

त्यांनीच नियम समजावला. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम २००२ साली झाले. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, तर मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागद द्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं. त्याआधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं, की खर्च घेऊन केस पेपरच्या प्रती पेशंटला किंवा नातेवाइकाला दिल्या पाहिजेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या पेशंटच्या हक्कांच्या सनदेतही हा हक्क आहे. दाखल असताना शक्यतो २४ तासांत, सुटी झाल्यावर ७२ तासांत. एक गोष्ट मात्र घाई करायला लावणारी होती. दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळण्याचं बंधन नियमात आहे. आमची दोन वर्षं उलटून गेली होती.

अर्ज मी लिहिला. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे. पेशंटचं नाव, वय, पत्ता, दाखल झाल्याची आणि सुटीची तारीख, नोंदणी क्रमांक. मागणीत एकेक गोष्ट वेगळी लिहिली : डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या नोंदी, ऑपरेशनचं टिपण, केमोचे तक्ते, इको, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, काचपट्ट्या आणि ब्लॉक, संमतीपत्रं. कारण एका ओळीत : पुढील उपचारासाठी. झेरॉक्सचा खर्च भरू, असंही लिहिलं.

अर्जाखाली सही हवी होती अम्मीची. पेशंट हयात आहे, सज्ञान आहे, शुद्धीत आहे. मग सही तिचीच. अर्ज मी नेणार असले, तरी मला अधिकार देणारी ओळही तिनेच सही करून द्यायची. भाईजान म्हणाले, “अर्जात कॅन्सर लिहिलंय. अंगठा घे, नाहीतर मी सही करतो.” अम्मी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. तिने कागद हातात घेतला, मराठी अक्षरांवरून नजर फिरवली आणि मला परत दिला. “पढ के सुना पहले. फिर करती सही.”

मी वाचून दाखवलं, काहीही न गाळता. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, “और क्या-क्या नहीं बोले मेरेकू?” भाईजान उठून बाहेर गेले. अम्मीने चष्मा लावला आणि उर्दूत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

दवाखान्यात पुन्हा एक अडचण आली. आधारवर अम्मीच्या नावापुढे ‘बेगम’ आहे, दवाखान्याच्या रजिस्टरात ‘बी’ लिहिलेलं. शेखचं इंग्रजी स्पेलिंगही दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं. आपल्या नावांचं हे नेहमीचंच आहे. रेशन कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र आणि जुनं डिस्चार्ज कार्ड जोडलं, तेव्हा ते मिटलं. क्लार्कने माझ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, आवक क्रमांक टाकला. या वेळी केस करायची आहे का, असं विचारलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला. झेरॉक्सचे पैसे भरून पावती घेतली. जाड फाईल मिळाली आणि काचपट्ट्यांची छोटी डबी.

नव्या डॉक्टरांनी केमोचे तक्ते काढले. पांढऱ्या पेशी उतरल्यामुळे लाल औषधाचे शेवटचे दोन डोस कमी करून दिलेले होते. एकूण बेरीज मर्यादेच्या बरीच आत होती. म्हणजे एक वाट अजून उघडी होती. सिस्टरांच्या नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली. दुसऱ्या एका औषधाच्या पहिल्या डोसला अम्मीच्या अंगावर पुरळ उठलं, दम लागला, औषध थांबवून इंजेक्शन दिलं आणि नंतर हळू सोडलं. कार्डावर याचा एक शब्दही नव्हता. डॉक्टरांनी ती ओळ लाल पेनाने अधोरेखित केली. त्या नोंदीखाली सिस्टरची फक्त आद्याक्षरं आहेत. कोण होत्या, माहीत नाही. आमच्या घरात त्यांच्यासाठी दुआ होते.

संमतीपत्र मी घरी येऊन पाहिलं. पेशंटच्या सहीची जागा कोरी होती. नातेवाइकाच्या जागी भाईजानची सही. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या पेशंटच्या ऑपरेशनला संमती त्याचीच लागते, दुसऱ्याची चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. पण हा प्रश्न फक्त दवाखान्याचा नाही. अम्मीला न विचारण्याची सवय घरात होती, दवाखान्याने ती तशीच पुढे चालवली. हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. भाईजानने आईवरच्या मायेपोटीच ते केलं. पण आजार ज्याच्या अंगात आहे त्याचं नाव कागदावरून गळतं, तेव्हा आपली सेवाही अर्धी राहते.

वाचकांच्या उपयोगाचं थोडं सांगते. लहान मुलांसाठी आई-वडील अर्ज करू शकतात. सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज करावा. दाद लागली नाही, तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात मागता येतं, त्याची मुदत ३० दिवसांची. खासगी दवाखान्याने नकार दिला, तर नकार लेखी मागावा; त्यानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि ग्राहक आयोग ही दारं आहेत. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही, पोच घेतलेला अर्ज पुरतो. मिळालेल्या फाईलचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, पण ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत. ती पेशंटची अमानत आहे.

आणि मय्यतीच्या घरासाठी एक गोष्ट. दवाखान्यात माणूस गेला, की आपली घाई दफनाची असते, आणि ती असायलाच हवी. त्या दिवशी कागद कोणी मागू नयेत. मात्र मृत्यूचा सारांश आणि तपासण्यांचे रिपोर्ट घ्यायला आठवडाभरात घरातल्या एकाने जावं. मागे राहिलेल्या बायकोला विम्यासाठी ते लागतात. मुलांनाही पुढे डॉक्टर विचारतात, वडिलांना नेमकं काय झालं होतं? त्या वेळी ‘हार्ट का कुछ था’ एवढंच सांगता येऊ नये.

अम्मीची ट्रीटमेंट चालू आहे, अल्हम्दुलिल्लाह. आता डॉक्टर बोलतात ते तिच्याशी, आणि प्रश्न तीच विचारते. मागच्या जुम्म्याला भाभीला तिने जवळ बसवलं. भाभीचं पहिलं बाळ सिझेरियनने झालं, का झालं ते कोणालाच नीट ठाऊक नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टर तेच आधी विचारतील. अम्मीने मला कागद-पेन आणायला सांगितलं आणि भाभीला म्हणाली, “अर्ज तू ही लिख. सही बी तेरीच.”