मवाळ मतदाराची चार मतं

१५ जानेवारीला मला एक नाही, चार मतं द्यायची आहेत. २०१५ मध्ये महापालिकेला मतदान केलं तेव्हा मामला सरळ होता. एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक बटण. असे ११३ वॉर्ड होते. आता २९ प्रभाग आणि ११५ जागा. बहुतेक प्रभागांत चार जागा, त्यामुळे चार मतपत्रिका: अ पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. चारही ठिकाणी बटण दाबायचं (कुणीच नको असेल तर नोटाचं), तेव्हा मशीन वाजणार.

मधली दहा वर्षं कुठे गेली, तर २०२० च्या एप्रिलमध्ये मुदत संपली, करोना आला, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली. तेव्हापासून शहर प्रशासकांकडे. माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. तिने दोनदा खासदारासाठी आणि दोनदा आमदारासाठी मत दिलंय, नगरसेवकासाठी एकदाही नाही. परवा तिने विचारलं, "ताई, नगरसेवक नेमकं करतो काय?" मी सांगायला लागले आणि लक्षात आलं, की तिच्या वयाच्या अख्ख्या पिढीला गल्लीतला दिवा बंद पडला की ॲपवर तक्रार टाकायची एवढंच माहीत आहे. दारात जाऊन भांडता येईल असा माणूस तिने पाहिलेलाच नाही.

उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसला जाताना मी रोज दोनदा क्रांती चौक ओलांडते. उंच चबुतऱ्यावर महाराजांचा पुतळा, बाजूला उड्डाणपूल, आणि जवळच तो काळा चबुतरा, जिथे १८५७ च्या उठावातल्या शिपायांना मृत्युदंड दिला गेला. शहरातला कुठलाही मोर्चा, उपोषण, जल्लोष इथेच. मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ ला इथूनच निघाला, तोही मूक. या चौकात सगळ्यांसाठी जागा आहे. फक्त माझ्यासारख्यांचा मोर्चा कधी निघाला नाही आणि निघणारही नाही. आम्ही घोषणा काय देणार? ‘दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे’?

मराठीत आमच्यासाठी शब्द आहे: मवाळ. शाळेत १९०७ ची सुरत काँग्रेस शिकताना जहाल कोण, मवाळ कोण हे पाठ केलेलं. ‘मवाळ’वर टीप आली की ‘अर्ज-विनंत्या करणारे’ लिहून मोकळं व्हायचं. तेव्हापासून तो शब्द अर्धा शिवीसारखाच वापरला जातो. दाजी मला तसंच म्हणतात, हसत. दाजी एका पक्षाचं काम करतात, मनापासून करतात. रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर तेच गाडी काढतात, हेही सांगायला हवं.

या शहरात मवाळ असणं अवघड आहे, कारण इथला जुना प्रश्न दोनच शब्दांचा: खान की बाण? तीसेक वर्षं प्रत्येक निवडणूक फिरून तिथेच येते. २०१९ ला लोकसभेचा निकाल ४,४९२ मतांनी फिरला. इम्तियाज जलील जिंकले, चंद्रकांत खैरे हरले आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली. मी त्या पहिल्या दोघांना मत दिलं नव्हतं. दाजींनी कित्येक दिवस मला ‘चार हजार चारशे ब्याण्णव’ म्हणूनच हाक मारली. २०२४ च्या विधानसभेला पूर्व मतदारसंघात जलील २,१६१ मतांनी हरले, तेव्हा किराडपुऱ्यातला माझा कॉलेजचा मित्र तसाच तणतणला. "तुम लोगां इधर भी नई, उधर भी नई. फिर बीच में जो मरता उसका क्या?"

त्याच्या बोलण्यातलं ‘मरता’ उगाच आलेलं नाही. मे २०१८ मध्ये जुन्या शहरात दंगल झाली, दोन जीव गेले. मार्च २०२३ ला रामनवमीच्या आदल्या रात्री त्याच्याच भागात जाळपोळ झाली. त्या रात्री मी त्याला फोन करत राहिले. त्याच वेळी दाजी घरात येरझाऱ्या घालत होते, कारण त्यांची मुलं कुठेतरी बाहेर होती. भीती दोन्ही घरांत होती. तिचा हिशेब मात्र मतपेटीत दोन वेगवेगळ्या बटणांवर होतो, आणि ती जितकी वाढेल तितकी दोन्ही बटणं मजबूत होतात. म्हणून मी ठरवलंय, भीती दाखवून मागितलेलं मत द्यायचं नाही, मागणारा कुठल्याही बाजूचा असो. नावाच्या प्रश्नावरही आता मत द्यायचं नाही. ८ मे २०२४ ला उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवलं. पप्पा औरंगाबाद म्हणतात, बहीण संभाजीनगर म्हणते, रिक्षावाला दोघांनाही बरोबर घरी सोडतो.

मग मत कशावर? पाण्यावर. शंभर टीएमसीहून मोठं जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, आणि आमच्या गच्चीवर निळे ड्रम. पाणी कोणत्या दिवशी येणार ते कॅलेंडरवर पेनाने लिहिलेलं असतं. लग्नाची तारीखसुद्धा ते बघून ठरवणारी घरं मला माहीत आहेत. समांतर जलवाहिनीचा करार २०१६ ला रद्द झाला. मग १,६८० कोटींची नवी योजना, तिचं भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० ला, पुढे खर्च २,७४० कोटींवर. अडीच मीटर व्यासाचा पाइप, हायकोर्टाची देखरेख. या काळात राज्यात वेगवेगळी सरकारं येऊन गेली, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाचा हात या पाइपला लागलाय. त्यामुळे ‘त्यांनी अडवलं’ हे वाक्य या निवडणुकीत कुणाच्याही तोंडी शोभत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. २०२५ च्या पावसाळ्यात मुकुंदवाडीपासून पैठण रोडपर्यंत रुंदीकरणासाठी बांधकामं पाडली गेली. रस्ते मोठे व्हायला हवे होते, हे मी आजही म्हणेन. पण एवढी मोठी मोहीम चालू असताना एकही निवडून आलेला माणूस सभागृहात उभा राहून ‘यादी दाखवा’ म्हणू शकत नव्हता, कारण सभागृहच नव्हतं. मला जहाल करेल अशी एकच गोष्ट असेल तर ती ही.

आता चार मतं. पांढऱ्या पत्रिकेवरचं मत एका बाईंना. त्यांच्या पक्षाला मी आजवर कधी मत दिलेलं नाही. प्रचाराला आल्या तेव्हा त्यांना आमच्या लाइनचा शेवट कुठे होतो, लाइनमन कोणता व्हॉल्व्ह आधी उघडतो, हे तोंडपाठ होतं. पण त्यांच्या प्रचाराच्या ग्रुपवर एक घाणेरडा व्हिडिओ फिरत होता, माझ्या मित्राच्या वस्तीबद्दल. मी तो त्यांना मोबाइलवर दाखवला. त्या क्षणभर गप्प झाल्या, म्हणाल्या, "हे आमच्या पोरांचं काम नाही, पण ग्रुप आमचा आहे." संध्याकाळी व्हिडिओ गेला होता. टाकणाराही गेला होता. पुरेसं आहे का? पक्षाची भाषा उमेदवाराच्या माथी किती मारायची, याचं माप माझ्याकडे नाही. बाईंनी जे त्यांच्या हातात होतं ते केलं, एवढं दिसलं.

गुलाबी पत्रिकेवर नोटा. त्या जागेसाठी जे जे दारात आले, त्यांतल्या एकाने महिन्याभरात दोन पक्ष बदलले आणि बाकीच्यांनी पाण्याचं विचारल्यावर स्वाभिमानाचं उत्तर दिलं. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. तसं होणार नाही, मला माहीत आहे. तरी आकडा छापला जातो.

पिवळ्या पत्रिकेवरचं मत बाईंच्या विरोधी पक्षाला, मुद्दाम. इथे दाजींशी माझं खरं भांडण झालं. ते म्हणाले, "चौघं एका पॅनेलचे असले तर कामं होतात. चौघं चार दिशेला तोंडं करून बसले तर तू गटाराचं कुणाला विचारणार?" मुद्दा चुकीचा नाही. चार नगरसेवकांच्या प्रभागात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. पण चौघं एकाच घरचे असले तर बोट दाखवणाराच कुणी उरत नाही, आणि सहा वर्षं आम्ही नेमकं तेच भोगलंय. मला एकाच गटारावर दोघांनी भांडलेलं चालेल. यंदा तर महायुतीतलेच दोन पक्ष या शहरात समोरासमोर उभे आहेत. ३० डिसेंबरला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी युती तुटली, तेव्हा पॅनेलची शिस्त मला शिकवू नका, असं मी म्हटलं. दाजी हसले नाहीत. जेवून मात्र गेले.

मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार है ना तेरे पास? एक तो अपने वाले को दे." मी म्हटलं, नाव सांग, येऊन भेटू दे, पाण्याचं बोलू. निळ्या जागेवर त्याच्या ओळखीचा एक जण उभा आहे. दाजींचाही तिथेच आहे.

मोबाइलच्या नोट्समध्ये चार रंग लिहून ठेवलेत. निळ्यापुढे अजून काही नाही. दोघांनाही शनिवारी या म्हणून सांगितलंय, पण सकाळी अकराच्या आत नको. त्या दिवशी पाणी आहे.