शांत झालेला कुत्रा

संपादकांनी मागितलेला लेख सरळ होता. अंगणातून पळून जाणाऱ्या घाबरट कुत्र्याला कसं रोखायचं, ते दिवाळीच्या तोंडावर वाचकांना सोप्या भाषेत सांगा. मी पशुवैद्य आहे, नवी मुंबईत दवाखाना चालवते. आताशा माझ्याकडे येणारे बरेचसे रुग्ण खरूज किंवा उलट्यांचे नसतात. भीती, चावणं, एकटं राहता न येणं अशा वर्तनाच्या तक्रारी घेऊन लोक येतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. तो विचारला मात्र एकाच रूपात जातो : "डॉक्टर, भिंत किती फूट करू?"

भिंतीबद्दल मी सांगणारच आहे. त्याआधी एक केस सांगते, कारण ती डोक्यातून जात नाही.

नेरुळच्या एका रो हाऊसमधला कुत्रा. देशी, तांबूस, सडपातळ. त्याला इथे मोती म्हणू. घरातले कामाला गेले की तो कंपाउंडवरून उडी मारून जायचा आणि रात्री पंजे सोलवटून परतायचा. एकदा तर सायन-पनवेल महामार्गावर सापडला. घरच्यांनी भिंतीवर ग्रील बसवलं, मोती ग्रील चढून गेला. मग त्यांनी ऑनलाइन मिळणारा विजेचा पट्टा मागवला. कुत्रा भिंतीजवळ गेला की गळ्याला झटका. काही आठवड्यांनी लसीसाठी त्याला घेऊन आले तेव्हा आनंदाने म्हणाले, "पट्ट्याने काम केलं. आता एकदम शांत झालाय." मोती टेबलावर उभा होता. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, एसीच्या खोलीत धापा टाकतोय. नाकाशी खाऊ धरला तर त्याने तोंड फिरवलं. घरच्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. माझ्या दृष्टीने आजार वाढला होता आणि त्याचं बाहेर दिसणारं लक्षण तेवढं बंद झालं होतं. हा फरक लसीच्या पाच मिनिटांत समजावता येत नाही. म्हणून हा लेख.

नवी मुंबईतलं अंगण कसं असतं, ते आधी बघू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि टॉवरांच्या आधी इथे रो हाऊसेस आली. बेलापूरला सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात आर्टिस्ट व्हिलेज उभं केलं. सात-सात घरं एका सामायिक चौकाभोवती आणि प्रत्येक घर सुटं, म्हणजे मालकाला ऐपतीप्रमाणे ते वाढवता यावं. माणसांच्या शेजारासाठी ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. पण या साऱ्या वसाहतींत कुत्र्याच्या वाट्याला येतं ते चिंचोळं अंगण, बेताची भिंत आणि भिंतीला टेकून ठेवलेलं सामान : पाण्याचा पंप, स्कूटर, कुंड्या, एसीचं बाहेरचं युनिट. ही सगळी त्याची पायरी. भिंतीपलीकडे गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द सुरू होते. तिथे परका कुत्रा शिरला की चावाचावी ठरलेली. त्यातून सुटला तर पुढे पाम बीच रोड. म्हणून पळण्याची तक्रार मी कधीच किरकोळ मानत नाही.

सगळेच पळणारे कुत्रे घाबरलेले नसतात. नसबंदी न झालेला नर माजावरच्या मादीच्या वासाने जातो. तो संधी साधून जातो आणि परत येतो तेव्हा दमलेला, भुकेला, पण ताजातवाना असतो. कंटाळलेला तरुण कुत्रा मांजरामागे जातो. घाबरलेल्याच्या खुणा निराळ्या. दाराच्या चौकटीवर, गेटच्या कडीवर दात आणि नखं घासलेली असतात, कधी दात तुटलेला असतो, कधी नख मुळापासून उपटलेलं. त्याला कुठे पोचायचं नसतं. जिथे आहे तिथून सुटायचं असतं. त्यातही दोन मोठे प्रकार : आवाजाची भीती आणि एकटं पडण्याची भीती. पुष्कळदा दोन्ही एकाच कुत्र्यात असतात. एकटेपणाची असेल तर घरचे बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच गोंधळ सुरू होतो. औषध मागायला आलेल्यांकडे मी आधी व्हिडिओ मागते तो यासाठी. जुना मोबाइल खिडकीत लावून ठेवला की काम होतं. तरीही लोक व्हिडिओ न आणता मत आणतात : "नाटकं करतो", "सूड उगवतो", "लाडाने बिघडलाय". घाबरलेल्या जनावरावर नाटकाचा आरोप ऐकला की मला आजही वाईट वाटतं.

आवाजाचंच बघा. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. आपल्या नियमांत फटाक्याला फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. नियमात बसणारा फटाकासुद्धा अंगणातल्या कुत्र्यासाठी केवढा असेल, याचा विचार करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. पण लग्नाची वरात, क्रिकेटचा विजय आणि वळवाचा गडगडाट वेळ बघून येत नाहीत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फुटत होती, तेव्हा दिवाळी नसतानाही थरथरणारे कुत्रे माझ्याकडे येत.

आता थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भीतीचा इशारा मिळताच मेंदूच्या बुडाशी असलेलं एक छोटं केंद्र नॉरॲड्रेनलिन सोडतं. हृदय धावतं, स्नायू ताणले जातात, खाण्यापिण्याची इच्छा जाते. अशा अवस्थेत कुत्रा भिंत ओलांडतो आणि आवाज मागे पडतो. त्या क्षणी मिळणारी सुटका हेच त्याचं बक्षीस. १९५३ साली अमेरिकेत रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की विजेच्या झटक्यापासून वाचण्यासाठी आडभिंतीवरून उडी मारायला शिकलेले कुत्रे झटका कायमचा बंद केल्यावरही उड्या मारतच राहतात. उडी मारली आणि काही झालं नाही, म्हणजे उडीनेच वाचवलं, एवढंच कुत्र्याला कळतं. म्हणून दरवेळी यशस्वी झालेलं पलायन पुढच्या पलायनाची तालीम असते, आणि म्हणून अंगण बंदिस्त करायलाच हवं. त्याबद्दल माझं दुमत नाही.

ते असं करा. भिंतीपासून उडीच्या अंतरातलं सगळं सामान हलवा. कित्येक घरांत एवढ्यानेच फरक पडतो. ग्रीलला आडवे गज नकोत, कारण ते शिडीचं काम करतात. टोकदार भाले आणि भिंतीवर खोचलेल्या काचा तर मुळीच नकोत. फाटलेली पोटं मी शिवली आहेत. भिंतीच्या वर आतल्या बाजूला झुकलेली जाळी लावा, किंवा तारेत ओवलेला जाड पीव्हीसी पाइप असा बसवा की पंजा टेकला की तो फिरेल. बाहेरचं काही दिसू नये म्हणून शेडनेट. गेटखाली उकरणारा कुत्रा असेल तर तिथे काँक्रीट. गेटच्या आत दुसरं छोटं गेट असेल तर उत्तम, कारण डिलिव्हरीवाला आला की पहिलं उघडतंच. साखळीने बांधणं हा उपाय नाही. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि बांधलेला घाबरट कुत्रा गळफास लावून घेऊ शकतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आणि कातडीखाली पंधरा अंकी मायक्रोचिप असू द्या.

पण एवढंच करून थांबलात, तर गॅस बारीक न करता उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबल्यासारखं होईल. भीती तशीच राहते आणि कुत्रा ग्रीलवर दात तोडतो.

आता विजेचा पट्टा. यावर मी जरा जास्त बोलते अशी माझी ख्याती आहे, बोलू द्या. १९६७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे झटके दिले, की कुत्र्याने काहीही केलं तरी ते टळत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे बुटकी आडभिंत ओलांडली की झटका थांबे. सुमारे दोन तृतीयांश कुत्र्यांनी प्रयत्नच केला नाही. ते झटके सोसत पडून राहिले. पुढे त्यांना बरं करायचं ठरलं तेव्हा हाक मारून, खाऊ दाखवून ते उठले नाहीत. पट्ट्याला धरून पुन्हा पुन्हा पलीकडे ओढून न्यावं लागलं, तेव्हा कुठे त्यांना सुटका शक्य आहे हे उमगलं. हे प्रयोग आज वाचवत नाहीत. पण त्यांनी जे शिकवलं ते विसरलो, तर त्या कुत्र्यांचं सोसणं वाया गेलं. प्रयत्न सोडलेला कुत्रा बाहेरून शांत कुत्र्यासारखाच दिसतो.

गोष्ट इथे संपत नाही. याच दोघांनी २०१६ साली, मेंदूवरच्या पुढच्या संशोधनानंतर, स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. सतत त्रास झाला की हतबल होऊन पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते "परिस्थिती माझ्या हातात आहे" हे. माझ्या कामात याहून उपयोगाचं वाक्य नाही. पट्टा हे शिक्षण नेमकं रोखतो. फटाका वाजला, कुत्रा भिंतीकडे धावला, गळ्याला झटका बसला : आता घरही भीतीचं झालं. वेल्सने असे पट्टे २०१० सालीच बंद केले. मोतीच्या घरच्यांना पट्टा काढा म्हटलं तर ते म्हणाले, "काढला की परत पळेल." बरोबर होतं त्यांचं, पळालाही असता. महामार्गाची त्यांची भीती खरी होती. म्हणूनच मी नुसतं काढा म्हणत नाही. आधी त्याला दिवसा घरात घ्या, अंगण बंदिस्त करा, उपचार सुरू करा. आणि पट्टा त्याच दिवशी जाऊ द्या.

उपचार म्हणजे कुत्र्याच्या हातात काहीतरी देणं. घरात आतली, कमी खिडक्यांची एक जागा : जिन्याखालचा कोपरा, पलंगाखाली गादी. तिथे त्याला कोंडायचं नाही. दार उघडं, यावं-जावं त्याच्या मर्जीने. घाबरून तुमच्याजवळ आला तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते ही समजूत कुठून पसरली कोण जाणे. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली करामत नाही. मग सराव : आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू, त्याने कान टवकारावे इतपतच, आणि आवाजापाठोपाठ उत्तम खाऊ. खाणं थांबलं की आवाज जास्त झाला, मागे या. एकटं राहण्याचा सरावही असाच, सेकंदांपासून.

काहींना औषध लागतं आणि त्यात कमीपणा नाही. ॲसप्रोमाझिन नावाचं जुनं औषध अजून दिलं जातं. त्याने अंग सुस्तावतं, भीती मात्र जागीच राहते. म्हणजे पुन्हा तोच शांत दिसणारा कुत्रा. नॉरॲड्रेनलिन आवरणारी किंवा चिंता कमी करणारी औषधं निराळी. ती तपासून, मात्रा ठरवून देतात. घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

कुत्रा पळायचा थांबला, या मापाने मी यश मोजत नाही. एकटा असताना तो खातो का? आडवा, पाय पसरून झोपतो का? अंगणात आपणहून जाऊन वास घेत फिरतो का? तुमच्या व्हिडिओत या तिन्हींचं उत्तर "हो" असेल, तर भिंत कमी उंच असली तरी मला तितकी चिंता नाही. "नाही" असेल, तर दहा फुटी भिंतीनेही काही साधलेलं नाही.

हा अंक हातात पडेल तेव्हा यंदाच्या सरावाला उशीर झालेला असेल. म्हणून या दिवाळीत संध्याकाळ होण्याआधी फिरवून आणा, तेही दोरीने बांधून. खिडक्या लावा, पंखा-टीव्ही चालू ठेवा, आणि फटाके वाजतील तेव्हा घरातल्या एकाने तरी सोबत थांबा. दरवर्षी वसुबारसेला माझ्या दवाखान्यासमोर रांग लागते आणि तेव्हा मी फार थोडं करू शकते. खरं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं, शेवटचे फटाके संपल्यावर. पुढच्या दिवाळीसाठी तेव्हा या. शिकायला तेव्हा कुत्र्याकडे वेळ असतो, आणि शिकवायला माझ्याकडेही.