उडालेला फ्यूज काय सांगतो

वाचकहो, मोटारीच्या पेटीतला फ्यूज उडाला की आपल्याकडे पहिला उपाय कोणता होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्याची पाळी असते, वीज मोजके तास असते, पीक माना टाकत असते. मग कोणीतरी जाड तार आणतो, दोन वेढे देतो आणि मोटार चालू करतो. चालली तर तो शहाणा ठरतो. नाही चालली तर वाइंडिंग जळते आणि हंगामाच्या तोंडावर घरधन्याला मोठा फटका बसतो. हीच जाड तार मागच्या वर्षी भाईंदर पूर्वेला, आमच्या खोलीत, वीतभर आकाराच्या एका यंत्रात पडणार होती.

भाईंदर हे मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या अलीकडे. पूर्वी ते मिठागरांसाठी ओळखले जाई. पूर्वेला आता स्टीलची भांडी करणाऱ्या छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. अशाच एका गाळ्यात मी वायरमनचे काम करतो. पुतण्या आयटीआय करून गावाहून माझ्याकडे आला होता. गावच्या भजनी मंडळाने वर्गणी काढून त्याच्या हाती पैसे दिले होते. हार्मोनियम, पखवाज आणि गाणाऱ्या बुवांचे माईक एकत्र जोडणारा मिक्सर त्याने स्वतः तयार करून द्यावा, अशी सर्वांची इच्छा. सप्ताह पंधरा दिवसांवर आला होता.

त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुट्या भागांचा संच आणला आणि मिक्सरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय जोडला. बटण दाबले, ट्रान्सफॉर्मर घुमला, फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. तिसऱ्याची तीच गत. गावाहून थोरल्या भावाचा फोन आला, "आपल्याला झेपणारं काम नाही ते. लोकांचे पैसे परत कर आणि घरी ये." पोराचे तोंड उतरले. मला म्हणाला, "काका, एकदा जाड तार टाकून बघू का? होईल ते होईल."

मी म्हटले, "थांब बाळा. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोहोचले नाही तर तुझे आजोबा काय करायचे? विहिरीपासून निघून पाटाच्या कडेने चालत यायचे ना? तसेच आपण चालू."

आता ही वाट तुम्हीही समजून घ्या. घरातली वीज २३० व्होल्टची आणि एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होणारी. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब १२ व्होल्टवर आणतो. मग चार डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतात, पाटातल्या झडपेसारखे. पुढे मोठे कंडेन्सर ती वीज हौदासारखी साठवतात आणि शेवटी रेग्युलेटर ती नेमकी मोजून सोडतो. आमच्या घराजवळून धावणाऱ्या लोकल गाड्यांचेही असेच आहे. पूर्वी त्या १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत. २०१२ सालापर्यंत चर्चगेट ते विरार हा मार्ग २५,००० व्होल्टच्या एसीवर आला. काम मोठे असो की छोटे, विजेला वळण लावावेच लागते.

माईकच्या मिक्सरला मात्र दोन दाब लागतात, अधिक १२ आणि उणे १२. आवाजाची लाट झोपाळ्यासारखी दोन्हीकडे जाते, म्हणून दोन्हीकडे जागा हवी. त्यासाठी संचात दोन रेग्युलेटर होते. अधिक बाजूचा ७८१२ आणि उणे बाजूचा ७९१२. दिसायला जुळे भाऊच.

प्लग काढून ठेवला, कंडेन्सरमधली वीज उतरू दिली. मग मी माझा जुना सोबती काढला, होल्डरमध्ये बसवलेला ४० वॅटचा तारेचा बल्ब. यंत्राकडे जाणाऱ्या फेजच्या वायरीत तो मध्येच जोडायचा. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंदावतो. आत शॉर्ट असेल तर तो पेटतच राहतो आणि यंत्राचे काही जळत नाही. या कामाला एलईडी बल्ब चालत नाही. जुना तारेचा बल्ब घरात असेल तर फेकू नका.

बल्ब जवळजवळ पूर्ण तेजाने पेटला. म्हणजे शॉर्ट आहे. प्लग काढून ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या वायरी सोडवल्या आणि पुन्हा लावला. बल्ब विझल्यासारखा झाला. म्हणजे विहीर आणि पहिला पाट शाबूत. मीटरने डायोड तपासले, चारही चांगले. कंडेन्सरची अधिक-उणे टोके पाहिली, बरोबर. पोराने सोल्डर केलेले सांधे भिंगातून पाहिले, स्वच्छ होते. राहिले ते दोन जुळे भाऊ. गरम होऊ नयेत म्हणून ते अॅल्युमिनियमच्या एकाच पट्टीवर स्क्रूने आवळले होते. प्लग काढून ७९१२ चा स्क्रू सोडवला, त्याला पट्टीपासून दूर केले आणि पुन्हा लावला. बल्ब क्षणभर चमकला आणि शांत झाला. चोर सापडला!

भानगड अशी. या रेग्युलेटरची धातूची पाठ त्याच्या मधल्या पायाला जोडलेली असते. ७८१२ चा मधला पाय म्हणजे शून्य, ग्राउंड. ७९१२ चा मधला पाय म्हणजे आत येणारी उणे वीज. दोघांच्या पाठी एकाच पट्टीला लागल्या की उणे वीज थेट शून्याला भिडते. म्हणून ७९१२ च्या पाठीखाली अभ्रकाचा पातळ तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचे बूच लागते. अभ्रक वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. दुकानाच्या पुडीत हे दोन्ही नव्हते आणि सोबतच्या कागदावर त्यांचा उल्लेखही नव्हता. पोराचा हात कुठेच चुकला नव्हता. चार-दोन रुपयांच्या वस्तूपायी तो स्वतःला नालायक समजून बसला होता.

अभ्रक बसवले, मीटर लावला. अधिक १२, उणे १२. तरी मी त्याला लगेच जाऊ दिले नाही. शहरात चालले ते गावात चालेलच असे नाही. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गावातला वीजदाब २३० वरून १८० वर येतो. मग १२ चा ट्रान्सफॉर्मर साधारण साडेनऊच व्होल्ट देतो, कंडेन्सरवर साडेबाराच्या आसपास साठतात. ७८१२ ला मात्र चौदा-साडेचौदा तरी लागतात. म्हणजे ऐन भजनात घुरघुर. म्हणून १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि २५ व्होल्टच्या जागी ३५ व्होल्टचे कंडेन्सर घातले. सप्ताहात मिक्सर सातही दिवस चालला. काल्याच्या कीर्तनानंतर भावाचाच फोन आला, "शेजारच्या गावाचं मंडळ विचारतंय, आम्हाला एक करून देईल का म्हणून."

तेव्हा मंडळी, फ्यूज उडाला की तो आपल्याशी वैर करत नसतो, आत काहीतरी बिघडल्याचा निरोप देत असतो. जाड तार म्हणजे निरोप्याचे तोंड दाबणे. आधी वीज बंद करा, मग उगमापासून एकेक टप्पा तपासत या. मेन लाइनचे काम असेल तर जाणता माणूस सोबत घ्या.

आणखी एक सांगतो. घरातला मुलगा किंवा मुलगी तारा-वायरी घेऊन बसली आणि पहिल्या खेपेला काम जमले नाही, तर "सोड ते" म्हणण्याची घाई करू नका. पहिल्या पेरणीला उगवण कमी झाली म्हणून आपण वावर विकत नाही. बी पाहतो, ओल पाहतो, मग पुन्हा पेरतो. त्यांनाही तेवढी सवड द्या. जमले तर एक साधा मीटर घेऊन द्या.