शेकडा चौतीस

नवी वस्तू घरात आली, की तिच्यासोबतचे माहितीपत्रक मी आधी जपून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि मगच वस्तू जोडायला बसतो. वाचून काय, कोणीही जोडील! त्यात पुरुषार्थ तो कसला? शिवाय बावीस वर्षे मी बँकेच्या खिडकीमागे काढली आहेत. फॉर्मवरच्या सूचना वाचून फॉर्म भरणारा मनुष्य एवढ्या काळात मला एकदाच भेटला, आणि तोही दुसऱ्याच बँकेचा फॉर्म भरून आला होता.

तर आमच्या डोंबिवलीच्या घरात मॉनिटर आला. साधासुधा नव्हे, अल्ट्रावाइड. 34 इंची. रेकॉर्ड रूममध्ये जुन्या खतावण्या पडलेल्या असतात, त्या उघडल्या की टेबलभर पसरतात, तसा तो आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. लोणच्याची बरणी त्या दिवसापासून फ्रीजवर गेली.

मॉनिटर सौ.ने घेतला होता, तोही स्वतःच्या पैशाने. ती आसपासच्या पाच-सात दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणे भरते. 2018 साली घेतलेल्या लॅपटॉपवर वाकून वाकून मान धरली होती. "दाराच्या फटीतून लग्न बघावं तसं वाटतं हो," ती म्हणे, "नवरदेव दिसला तर नवरी दिसत नाही." जमा बघावी तर नावे पडद्याबाहेर, आणि नावे बघावी तर जमा गायब. दोन वर्षे पैसे साठवून तिने 32,000 रुपये मोजले. माझ्याकडे एक पैसा मागितला नाही. फक्त जोडून द्या म्हणाली. जोडायलाही तिने चिरंजीवांना सांगितले असते तर पुढचे रामायण टळले असते. पण मी आडवा पडलो. "नववीतल्या पोराचं काम नाही ते," मी म्हणालो.

सेट-टॉप बॉक्सची एक जुनी एचडीएमआय केबल माळ्यावर होती. एक टोक लॅपटॉपला लावले, एक मॉनिटरला. लगेच चित्र आले! शेजारच्या नानांना मी मुद्दाम बोलावले. नाना म्हणाले, "वा! भरलेलं दिसतंय."

भरलेले दिसत होते हे खरेच. पडद्यावर लावलेला आमचा माथेरानचा फोटो चांगलाच भरला होता. मी भरलो होतो, सौ. भरली होती, घोडासुद्धा भरला होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सगळे जाडे दिसतायत." मी त्यांना अभ्यासाला पाठवले. सौ.ने अक्षरे जरा पुसट वाटतात अशी शंका काढली. "सवय होईल," मी म्हणालो. बँकेत नवीन संगणकप्रणाली आली तेव्हा आम्हालाही हेच सांगितले होते, आणि झाली की सवय! (प्रणालीची नव्हे, पुसटपणाची.)

पाच दिवस गेले. सौ. काही बोलली नाही. फक्त रात्री कपाळाला बाम लावू लागली. महिनाअखेर होती, विवरणांची गर्दी असेल, असे मी धरून चाललो.

सहाव्या दिवशी मॉनिटरचे वॉरंटी कार्ड शोधायला मी ड्रॉवर उघडला. माहितीपत्रकाच्या वरच नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी होती. तारीख मंगळवारची. नंबर बदललेला नाही, डोळ्यांना विश्रांती द्यावी, असे लिहिले होते. खाली फी 300 रुपये.

म्हणजे पडदा पुसट दिसतो तर दोष आपल्याच डोळ्यांचा, असे समजून ही बाई गुपचूप डोळे तपासून आली होती. का, तर नवऱ्याने नानांसमोर छातीठोकपणे जोडून दाखवले होते ना! मी ती चिठ्ठी घेऊन बराच वेळ बसलो. रोकड कमी भरली की कॅशियर सगळ्यांच्या नोटा मोजत सुटतो आणि शेवटी स्वतःच्याच खणात पुडके सापडते, तसे माझे झाले.

आणि मग मी माहितीपत्रक वाचले.

त्यात लिहिले होते 3440 × 1440. आम्हा कॉमर्सवाल्यांना गुणाकार दिसला की राहवत नाही. केला. 49,53,600 ठिपके. आमच्या लॅपटॉपचा पडदा 1920 × 1080, म्हणजे 20,73,600. घेतलेल्या मालापैकी निम्माही घरात पोचत नव्हता, आणि जो पोचत होता तो ताणून ताणून पडदाभर पसरला जात होता. उंचीला ओढ कमी, रुंदीला जास्त. हिशेब केला तर सगळे बरोबर शेकडा चौतीस टक्के लठ्ठ दिसत होते. घोडासुद्धा.

चिरंजीवांना सन्मानाने पाचारण केले. त्यांनी विंडोजचे बटण आणि पी एकदम दाबले. पडद्यावर ‘डुप्लिकेट’ असे होते. म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र, आणि लहानाला झेपेल तेवढेच मोठ्याला. एकत्र कुटुंबातला नियम! त्यांनी ते ‘एक्स्टेंड’ केले आणि अक्षरे अशी लख्ख झाली की सौ. स्वयंपाकघरातून बघत राहिली.

पण बाण हलेना. हले, पण मागून हले. माउस पुढे जाई आणि बाण विचार करून निघे. "तीसच हर्ट्झ येतंय," चिरंजीव म्हणाले. पडद्यावरचे चित्र सेकंदाला 60 वेळा नवे काढायला हवे, ते 30 वेळाच निघत होते. लॅपटॉपचे एचडीएमआय 1.4 जातीचे, एवढ्या रुंद चित्राची दुप्पट भरती तिथून बाहेर पडत नव्हती. मी पुन्हा गणित केले. सेकंदाला 29,72,16,000 ठिपके आणि प्रत्येकाच्या रंगाचे 24 बिट. म्हणजे 713 कोटी 31 लाख 84 हजार बिट, दर सेकंदाला! आमच्या एकाच खिडकीतून एवढी रोकड मागितली तर मीसुद्धा "अर्धी आज, अर्धी उद्या" असेच म्हणेन.

लॅपटॉपला दुसरी खिडकी होती. यूएसबी-सी. मी मोबाइलच्या चार्जरची केबल उचलून खुपसली. काही नाही. चिरंजीवांनी डोळे मिटले. ती केबल वीज नेते, थोडीफार माहिती नेते, चित्र नेत नाही. दिसायला मात्र सगळ्या जुळ्या बहिणी. खुद्द यूएसबी-सीची भोकेसुद्धा सगळी चित्र देत नाहीत. आमच्या लॅपटॉपला दोन होती, पैकी एकाशेजारी डी आणि पी एकमेकांत गुंतलेले इवलेसे चिन्ह होते. सहा वर्षे मी ते कंपनीच्या मालकाची आद्याक्षरे समजत होतो.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या पोराने न बघता विचारले, "कितना बाय कितना?" मी आकडे सांगितले. त्याने यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी केबल पुढे टाकली. एका टोकाचा एक कोपरा कापलेला, म्हणजे माझ्यासारख्याने उलटी लावू नये. 1,100 रुपये. घासाघीस न करता दिले. आयुष्यात प्रथमच.

घरी आलो, केबल लावली, मॉनिटरच्या खालच्या बटणाने ‘इनपुट’ बदलले. दोघांची आपसात ओळख झाली. यालाही म्हणे पद्धत आहे. मॉनिटर केबलमधूनच आपली कंपनी, जन्मसाल, लांबी-रुंदी, झेपणारे आकडे सगळे लॅपटॉपला कळवतो. ईडीआयडी म्हणतात. आमच्या भाषेत केवायसी, पण ते एका क्षणात झाले आणि झेरॉक्स मागितली नाही. 3440 बाय 1440, साठ हर्ट्झ. बाण माउसच्या बरोबरीने धावू लागला.

सौ. पदराला हात पुसत येऊन बसली. तिने घरखर्चाचा तक्ता उघडला. लॅपटॉपवर रकाने डब्ल्यूपाशी संपत. इथे झेड झाला, एए झाला, एझेड झाला आणि गाडी बीएला थांबली. बी.कॉम.च्या घरात पडदा बी.ए. निघाला, असा विनोद मी केला. कोणी हसले नाही. ती वरपासून खालपर्यंत बघत होती, कपाळाला एकही आठी नव्हती.

"मंगळवारचे तीनशे रुपये," मी खाकरून म्हणालो, "माझ्या नावे टाक."

"टाकलेत," ती म्हणाली.

बाण सरसर उजवीकडे गेला. अगदी शेवटच्या रकान्याला मथळा होता, ‘ह्यांचे’. इतकी वर्षे तो पडद्याबाहेर होता. खाली ओळीने मांडले होते: पंखा ह्यांनी उघडल्यावर दुरुस्ती 450. नळ ह्यांनी घट्ट केल्यावर प्लंबर 600. मिक्सर. पुन्हा मिक्सर. सर्वांत खाली, डोळे तपासणी 300.

मी म्हटले, "केबलचे अकराशे लिहू नकोस, ते मी माझ्या खिशातून दिलेत."

"लिहिलेत," ती म्हणाली. "जमेला."